जुन्या चेनसॉचा दम कुठे अडतो?

जुनी मोटारसायकल आडवी पडली की दोन गोष्टी हमखास होतात. खाली पेट्रोलचा ओघळ दिसतो, आणि गाडी उभी केली तरी ती लगेच सुरू होत नाही. आता चेनसॉ पाहा. गावात कुणी त्याला कटर म्हणतं, कुणी झाडं कापायचं मशीन. जमिनीवर पडलेलं खोड कापताना ते सरळ असतं, उभं झाड बुंध्याशी कापताना कुशीवर असतं, आणि अडकलेली फांदी खालून कापायची वेळ आली की जवळजवळ उलटं होतं. तरीही ना पेट्रोल सांडतं, ना इंजिन अडखळतं.

दुसरं कोडं जुन्या मशीनच्या मालकांना चांगलं ठाऊक आहे. वर्षभर कोपऱ्यात पडलेला कटर बाहेर काढला, चोक दिला, रस्सी ओढली. फटफट करत सुरू झाला, मंद गतीवर दोन मिनिटं छान चालला. लाकडाला लावून रेस दिली, की घुसमटून बंद. पुन्हा रस्सी, पुन्हा तेच. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो पिस्टन गेला, दुसरा म्हणतो कॉइल गेली, तिसरा सांगतो की आता नवीनच घ्या.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच जागी आहे. मुठीत मावणाऱ्या कार्बोरेटरमध्ये रबराचे दोन पातळ पडदे असतात. मशीन उलटं चालतं ते त्यांच्यामुळे, आणि म्हातारं होऊन बंद पडतं तेही बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच.

वावधनाचे दिवस आणि बाकीचं वर्ष

आपला जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका केळीचा. केळीचा खांब कापायला विळा किंवा कोयता पुरतो. ते मुळात लाकूडच नाही, पानांचे देठ एकमेकांवर घट्ट बसून तो खांब तयार होतो. त्यातल्या ओल्या धाग्यांत चेनसॉची साखळी उलट गुंतते. इथे चेनसॉ लागतो तो बांधावरच्या बाभळी-निंबांसाठी, वाळलेल्या झाडांसाठी, आणि सगळ्यात तातडीने लागतो तो मे-जूनच्या वावधनात. चोपडा, यावल, फैजपूर, रावेर असा जाणारा अंकलेश्वर–बुऱ्हाणपूर रस्ता अशा वादळात झाड पडून अडला, की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागतात आणि ज्याच्या घरी कटर आहे त्याच्याकडे माणसं धावतात.

म्हणजे वर्षातले थोडे दिवस कामाची झुंबड आणि बाकीचे महिने मशीन पडून. हाच प्रकार रबराला सर्वाधिक मारक ठरतो. रोज चालणाऱ्या मशीनमधून ताजं पेट्रोल सतत वाहतं आणि पडदे ओले, लवचिक राहतात. पडून असलेल्या मशीनमध्ये पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ उरते आणि पडदा वाळतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं यंत्र त्याहूनही जास्त तापतं.

मोटारसायकलीचं पेट्रोल का सांडतं?

जुन्या मोटारसायकलीच्या किंवा लुनाच्या कार्बोरेटरमध्ये खाली एक छोटी वाटी असते. टाकीतून पेट्रोल उतारानं त्या वाटीत येतं. वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली सुई येण्याची वाट बंद करते. पेट्रोल खर्च झालं की फ्लोट खाली उतरतो आणि वाट उघडते. रचना साधी आणि भरवशाची आहे, पण तिला एक अट आहे. वाटी सरळ हवी. गाडी आडवी पडली की पातळी बिघडते, सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल बाहेर येतं.

पहिल्या पेट्रोल चेनसॉंना हीच अडचण होती. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी 1926 साली विजेवर चालणारा आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारा चेनसॉ बनवला. त्या काळातली ही यंत्रं दोन माणसांनी दोन टोकांना धरून चालवायची होती. पुढे काही यंत्रांत अशी सोय आली की साखळीची पट्टी फिरवता येईल, पण इंजिन मात्र उभंच राहील. पडद्याचा कार्बोरेटर रुळल्यावर हा खटाटोप संपला. 1959 साली आलेला, सुमारे 12 किलोचा श्टिल कॉन्ट्रा हा एकट्या माणसाने कुठल्याही कोनात चालवायच्या यंत्रांपैकी गाजलेला. यावलच्या बाजारात आज दिसणाऱ्या लहान-मोठ्या, देशी-चिनी बनावटीच्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल चेनसॉमध्ये त्याच तत्त्वाचा कार्बोरेटर आहे.

पहिला पडदा: पेट्रोल ओढणारा

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ओढ निर्माण होते. पिस्टन खाली येतो तेव्हा तिथे दाब येतो. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर ही ओढ आणि दाब सेकंदाला 200 वेळा होतो. एका बारीक भोकातून किंवा नळीतून ही धडधड कार्बोरेटरपर्यंत पोचवलेली असते आणि ती पहिल्या पडद्याला हलवते.

लोहाराचा भाता आठवा. भाता उघडला की आतली पडदी उचलली जाते आणि हवा आत येते. दाबला की तीच पडदी बंद होते आणि हवेला भट्टीकडेच जावं लागतं. पंपाचा पडदा नेमकं हेच पेट्रोलशी करतो. त्याच पातळ रबरात किंवा फिल्ममध्ये जिभेच्या आकाराच्या दोन चिरा कापलेल्या असतात. एक पेट्रोल आत घेते, दुसरी पुढे सोडते, आणि दोघी उलट्या दिशेला वाट देत नाहीत. म्हणून टाकी वर असो की खाली, पेट्रोल ओढलं जातंच.

टाकीच्या आतही एक छान युक्ती आहे. तिथली नळी मऊ असते आणि तिच्या टोकाला वजनदार गाळणी लावलेली असते. मशीन जिकडे कलंडेल तिकडे गाळणी घरंगळते, म्हणजे पेट्रोल जिथे असेल तिथेच ती पोचते.

दुसरा पडदा: मोजून देणारा

पंपाने आणलेलं पेट्रोल एका सुईपाशी येऊन थांबतं. या सुईचा मालक दुसरा पडदा. त्याच्या एका बाजूला पेट्रोलची छोटी कोठी असते, तर दुसरी बाजू एका भोकातून बाहेरच्या हवेला उघडी असते. इंजिनाने कोठीतलं पेट्रोल ओढलं की आतला दाब कमी होतो. बाहेरची हवा पडद्याला आत ढकलते, पडदा एका छोट्या तरफेवर दाब देतो, तरफ सुई उचलते आणि पेट्रोल आत येतं. कोठी भरली की पडदा मागे सरतो आणि स्प्रिंग सुईला पुन्हा बसवते.

इथे पातळीचा संबंधच उरला नाही. पेट्रोल किती द्यायचं हे हवेच्या दाबातला फरक ठरवतो, आणि हा फरक मशीन उलटं केलं तरी बदलत नाही. मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट कुठली वाटत असेल तर ती हीच. ना पंपाला वेगळी मोटर, ना मोजायला काटा. इंजिनाची स्वतःचीच ओढ सगळं काम करते.

आता जुन्या कटरची घुसमट समजेल. मंद गतीवर इंजिनाला पेट्रोल अगदी थोडं लागतं. वाळून ताठ झालेला पडदा तेवढं कसंबसं देतो. रेस दिली की मागणी एकदम वाढते. पडद्याने पटकन आत वाकायला हवं, पण तो वाकत नाही. सुई अर्धवटच उघडते, हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं, आणि इंजिन विझतं.

स्क्रू फिरवण्याआधी थांबा

अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्बोरेटरवरच्या बारीक स्क्रूंकडे जातो. हे करू नये, आणि त्याचं कारण गंभीर आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळं इंजिन ऑइल नसतं. पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून. म्हणजे पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, शिवाय पेट्रोलची वाफ होताना मिळणारा गारवाही कमी होतो. स्क्रू घट्ट करून पेट्रोल आणखी कमी झालं, तर मशीन थोडा वेळ किंचाळत जोरात पळतं आणि मालक खूश होतो. त्याच वेळी पिस्टन तापून सिलेंडरला घासत असतो. नव्या पडद्यांच्या काही शे रुपयांच्या किटचं काम मग पिस्टन-सिलेंडरपर्यंत जातं.

आधी लक्षणं तपासावीत. ते बिनखर्चाचं काम आहे.

चौकट: लक्षण आणि संशय

अर्धा चोक लावल्यावर रेस घेतो, चोक काढला की मरतो: पेट्रोल कमी पोचतंय. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे ओढ वाढते आणि ताठ पडदाही थोडा वाकतो. पडदे, गाळणी, नळी पाहा.

टाकीचं झाकण किंचित सैल केल्यावर नीट चालतो: टाकीत हवा जायची वाट बुजली आहे. पडद्यांचा दोष नाही.

कुशी बदलली की मंद गती वरखाली होते: नळीला चीर आहे किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा शिरते आहे.

रेस सोडल्यावरही इंजिन लवकर खाली येत नाही: कुठून तरी जादा हवा ओढली जाते. मशीन चालवणं थांबवा.

रस्सी अगदी हलकी लागते: कॉम्प्रेशन गेलं. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन पाहा. त्यावर उभे ओरखडे असतील तर किट बदलून उपयोग नाही.

किट बदलताना

संशय पडद्यांवर आला तर काम घरच्या घरी, तासा-दीड तासात होणारं आहे. मशीन थंड असावं, जागा उघड्यावर आणि चुलीपासून लांब असावी. प्लगची टोपी काढून ठेवावी. खाली पांढरं कापड अंथरलेली परात घ्यावी, कारण आतल्या स्प्रिंगा डोळ्यांनाही जेमतेम दिसतात.

एअर फिल्टर काढला की कार्बोरेटर दोन नटांवर बसलेला दिसतो. रेसची तार आणि चोकची दांडी कशी अडकवली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढावा, मग पेट्रोलची नळी सोडवावी. नळी हाताला चिकटली किंवा वाकवल्यावर तिच्यावर भेगा दिसल्या, तर तीही बदलायचीच.

कार्बोरेटरच्या ज्या बाजूचं झाकण साधारणपणे एकाच स्क्रूवर असतं, ती पंपाची बाजू. चार स्क्रूंची बाजू मोजणाऱ्या पडद्याची. जुना पडदा हातात घेऊन बोटाने दाबावा. नवा पडदा हातात नुसता लोंबतो. जुना ताठ राहतो, कधी दाबताना कटकट आवाजही करतो. एवढ्यावरच निदान पक्कं होतं.

इथे एक गफलत फार होते. दोन्ही बाजूंना पडदा आणि पॅकिंग असतं, पण क्रम सारखा नसतो. बहुतेक कार्बोरेटरांत मोजणाऱ्या बाजूला बॉडीवर आधी पॅकिंग आणि मग पडदा येतो. पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि मग पॅकिंग. क्रम उलटला तर नवं किट घालूनही मशीन सुरू होत नाही आणि दोष किटवर येतो. म्हणून उघडताना जे जसं निघालं तसंच परातीत ओळीने मांडावं.

मोजणाऱ्या बाजूला सुई उचलणारी तरफ असते. तिची उंची कंपनीने ठरवून दिलेली असते. ती वाकवून पेट्रोल वाढवायचा मोह टाळावा. तरफ उंच झाली की सुई गळते आणि मशीन पेट्रोलने तुंबतं. पंपाच्या बाजूला बारीक जाळी असते, ती कार्ब क्लीनरने धुवावी. भोकांत तार घालू नये. ती भोकं मोजून पाडलेली असतात आणि तारेने रुंद झाली की माप कायमचं जातं. हवेचा जोराचा झोत मारायचा तर पडदे आणि सुई बाहेर काढल्यावरच मारावा.

जोडून झाल्यावर टाकीतली गाळणी नवी घालावी. मग स्क्रूंची पाळी. मंद गतीचा आणि पूर्ण रेसचा असे दोन पेट्रोलचे स्क्रू असतात. ते हलक्या हाताने पूर्ण आत बसवून एक-एक फेरा बाहेर घेणं ही बऱ्याच मशीनसाठी सुरुवातीची जागा आहे. आपल्या मशीनच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर तेच पाळावं. पूर्ण रेसमध्ये, लाकूड न कापता, इंजिनाचा आवाज थोडा जड, घोगरा यायला हवा आणि लाकडाला लावल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. रिकाम्या रेसमध्येच आवाज तीक्ष्ण आणि उंच येत असेल, तर पेट्रोल कमी आहे. स्क्रू लगेच थोडा बाहेर घ्यावा.

तिसरा स्क्रू मंद गतीचा वेग ठरवतो. मंद गतीवर साखळी फिरता कामा नये. चेनसॉचा क्लच वेग वाढला की फाकून ड्रमला पकडतो, म्हणून मंद गतीच जास्त ठेवली तर नुसतं हातात धरलेल्या मशीनची साखळीही फिरत राहते. माणसं जखमी होतात ती अशाने.

पडदा घरी बदलावा, पण चेन ब्रेक, तुटलेली साखळी अडवणारा खालचा हुक आणि रेसचा सेफ्टी खटका या भागांत जुगाड नको. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर पट्टी उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आणि हे इतक्या वेगात घडतं की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्या क्षणासाठीच चेन ब्रेक असतो. तो तुटला असेल तर नवा बसेपर्यंत मशीन बंदच ठेवावं.

पेट्रोल बदललं आहे

देशातल्या पेट्रोलमध्ये 2022 च्या जूनपर्यंत सरासरी 10 टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. जुन्या जातीच्या रबराला इथेनॉल आधी फुगवतं, आणि त्याला मऊ ठेवणारे घटक ओढून घेतं. मग पेट्रोल सुकलं की रबर पहिल्यापेक्षा ताठ होतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनचे पडदे या पेट्रोलचा विचार करून बनवलेले नसण्याची शक्यता मोठी.

दुसरा धोका पावसाळ्यातला. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. वजनदार गाळणी तळाला असते, म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनवंगणाचा.

म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं आणि महिन्याभरात संपवावं. सध्याच्या चांगल्या टू-टी ऑइलचं प्रमाण बहुधा लिटरला 20 मिली असतं. काही जुन्या मशीनना 40 मिली लागतं. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

भर उन्हात काम करताना आणखी एक जपावं. तापलेल्या मशीनच्या टाकीत वाफेचा दाब साचतो. झाकण झटक्यात उघडलं तर पेट्रोल कारंज्यासारखं उडतं, आणि समोर गरम सायलेन्सर असतो. मशीन सावलीत गार होऊ द्यावं, मग झाकण हळूहळू सोडावं. उन्हात पेट्रोलच्या नळीत वाफेचे बुडबुडे झाले तरी मशीन अडखळतं. तेव्हा त्याला पेट्रोल बदलण्याची नाही, थोड्या सावलीची गरज असते.

आणि परवानगी

यंत्र दुरुस्त झालं म्हणून कुठलंही झाड कापता येत नाही. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार साग, मोह, चिंच, आंबा अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात 1969 पासूनचं, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं यावल अभयारण्य आहे. वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं जप्त करण्याचा अधिकार 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने दिला आहे, आणि चेनसॉ त्यातच मोडतो.

किट मागताना

दुकानात 'अमुक कंपनीच्या कटरचं किट द्या' एवढंच सांगितलं तर चुकीचं किट मिळण्याची शक्यता जास्त. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बोरेटर बसवलेले असतात. कार्बोरेटरच्या बॉडीवर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. ते पुसून, फोटो काढून न्यावेत आणि जुने पडदेही सोबत न्यावेत. नव्या पडद्याची भोकं जुन्यावर ठेवून तंतोतंत जुळतात का ते काउंटरवरच पाहावं. जुळत नसतील तर 'चालून जाईल' या शब्दावर किट घेऊ नका. त्या क्रमांकाचं किट जळगावहून मागवायला सांगा आणि वावधनाचे दिवस यायच्या आत ते बसवून ठेवा.